लष्करी अळी आणि तिच्या बहिणी: स्पोडोप्टेराच्या जीवनचक्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मका गुडघ्याला लागला की अळ्यांचे फोटो यायला सुरुवात होते. सोयाबीन फुलात आलं की त्यांची संख्या वाढते. बहुतेक फोटोंखाली एकच ओळ असते: "कोणतं औषध मारू?" या पानावर औषधांची नावं आणि मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या शिफारशी बदलत असतात आणि ताज्या शिफारशी तुमच्या कृषी सहायकाकडे मिळतात. अळी कोणती, किती दिवसांची आणि पुढे काय करणार, एवढंच इथे आहे. माझ्या मते औषधाच्या आधीचा प्रश्न हाच आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पोडोप्टेरा म्हणजे नेमकी कोणती अळी? दुकानदार एक सांगतो, कृषी सहायक दुसरंच सांगतो.

दोघंही बरोबर असू शकतात. स्पोडोप्टेरा हे एका जातीचं नाव नाही, ती प्रजाती आहे. तिच्यात जगभरात तीसेक जाती आहेत. आपल्याकडे चार जातींशी गाठ पडते.

स्पोडोप्टेरा लिटुरा ही आपली जुनी ओळखीची, तंबाखूवरची पानं खाणारी अळी. सोयाबीन, भुईमूग, कापूस, एरंडी, कोबी, अळू असं तिला जवळपास काहीही चालतं. स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा म्हणजे २०१८ मध्ये आलेली अमेरिकन लष्करी अळी. तिचा मुक्काम मुख्यतः मक्यावर असतो, त्याखालोखाल ज्वारी आणि उसावर. स्पोडोप्टेरा एक्झिगुआ अंगाने लहान असते आणि कांदा, मिरची, हरभरा या पिकांत सापडते. चौथी स्पोडोप्टेरा मॉरिशिया भाताच्या रोपवाटिकेत झुंडीने येते. पुढे यांना लिटुरा, फ्रुजीपर्डा, एक्झिगुआ अशीच नावं वापरली आहेत.

२. अंड्यापासून पतंगापर्यंत किती दिवस लागतात?

अंडी, अळी, कोष आणि पतंग या चार अवस्था सगळ्यांच्या सारख्याच. दिवस मात्र तापमानावर ठरतात.

फ्रुजीपर्डाची अंडी उबदार हवेत दोन-तीन दिवसांत फुटतात. अळी १४ ते २२ दिवस खाते, कोष आठ-नऊ दिवसांचा असतो आणि पतंग साधारण दहा दिवस जगतो. उन्हाळ्यात आणि खरिपात एक पिढी महिन्याभरात पूर्ण होते. थंडीत तीच पिढी दोन महिने, कधी त्याहूनही जास्त रेंगाळते. लिटुराची अंडी फुटायला तीन ते पाच दिवस लागतात, अळी १५ ते २३ दिवसांची आणि कोष आठवडा-दहा दिवसांचा. एक्झिगुआ सगळ्यांत घाईची. गरम हवेत तिची पिढी २४-२५ दिवसांतही उरकते.

म्हणूनच "मागच्या महिन्यात फवारलं होतं, पुन्हा कशी आली" या तक्रारीत बहुतेक वेळा औषधाचा दोष नसतो. ती पुढची पिढी असते.

३. पानावर भुरकट, लोकरीसारखं काहीतरी चिकटलंय. बुरशी आहे की अंडी?

पानाच्या खालच्या बाजूला, बोटाच्या नखाएवढा आणि कडा स्पष्ट असलेला ठिपका असेल तर तो अंडीपुंज समजा. लोकर दिसते ते मादीच्या पोटावरचे खवले. अंडी घालता घालता ती त्यांच्यावर हे आवरण घालते. लिटुराच्या एका पुंजात दोन-तीनशे अंडी असतात, फ्रुजीपर्डाच्या पुंजात शे-दोनशे आणि एक्झिगुआच्या पुंजात पन्नास ते दीडशे. फ्रुजीपर्डाची एक मादी आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालते.

पुण्या-मुंबईतल्या गच्चीवर अळू लावणाऱ्यांनी फोटो पाठवला तर तो जवळपास नेहमी लिटुराचा असतो. त्यांना उत्तर सोपं आहे: ते पान तोडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. त्यासाठी बाटली घेऊन फवारायला लागू नका. शेतातही एका माणसाने सकाळी फेरी मारून पुंज वेचले तर शेकडो अळ्या एका पानाबरोबर निघून जातात. सोयाबीन-कापसाच्या कडेने एरंडी लावायची ती याचसाठी. लिटुराची मादी एरंडीच्या रुंद पानाला पसंती देते, त्यामुळे पुंज शोधायला सारं रान फिरावं लागत नाही. पण एरंडी लावून तिच्याकडे कुणी फिरकलंच नाही, तर तुम्ही शेताच्या कडेला तिची पैदासच केली असं होतं.

४. अळीचं वय कसं ओळखायचं? आणि ओळखून उपयोग काय?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

अळी वाढताना कात टाकते. दोन कातींमधल्या काळालाही अवस्था म्हणतात (प्र. २ मधल्या चार अवस्था वेगळ्या). फ्रुजीपर्डाच्या सहा अवस्था असतात, एक्झिगुआच्या बहुधा पाच. फ्रुजीपर्डाची लांबी पहिल्या अवस्थेत पावणेदोन मि.मी. असते. ती दुसऱ्या अवस्थेत साडेतीन, तिसऱ्या अवस्थेत साडेसहाच्या आत, चौथ्या अवस्थेत १०, पाचव्या अवस्थेत १७ आणि सहाव्या अवस्थेत ३४ मि.मी.च्या आसपास जाते. डोक्याची रुंदी अधिक भरवशाची, कारण शरीर ताणलं जातं पण डोक्याचं कवच दोन कातींच्या मधे वाढत नाही. पहिल्या अवस्थेत ते सुमारे ०.३५ मि.मी. असतं, शेवटच्या अवस्थेत २.६ मि.मी.

आता खाण्याचा हिशेब पाहा. आयुष्यभरात ही अळी जेवढं पान खाते, त्यातलं दोन टक्क्यांहून कमी पहिल्या तीन अवस्थांत मिळून खाते. चौथीत पाचेक टक्के, पाचवीत सोळाच्या आसपास. उरलेलं जवळजवळ ७७ टक्के एकट्या शेवटच्या अवस्थेत, आणि २५ अंश तापमानाला ती अवस्था चार दिवससुद्धा चालत नाही.

"काल शेत चांगलं होतं, एका रात्रीत खाल्लं" असं शेतकरी सांगतात ते खोटं नसतं. फक्त अळी काल आलेली नसते. ती दहा-बारा दिवस तिथेच होती, पानाचा हिरवा पापुद्रा खरवडत होती आणि पानावर पांढुरक्या पारदर्शक खिडक्या पडत होत्या. त्या कुणी पाहिल्या नाहीत. फोन येतो तेव्हा अळी बोटाएवढी झालेली असते, जैविक कीटकनाशकांना दाद देत नाही, रासायनिकही तिला जास्त लागतं, आणि दोन दिवसांनी ती आपणहून मातीत उतरणार असते. अशा वेळी केलेली फवारणी मनाच्या समाधानापुरती असते. अळी एक सें.मी.च्या आत आहे तोवरच उपायाला अर्थ आहे, आणि त्यासाठी खिडक्या दिसल्या दिसल्या शेतात जायला हवं.

५. ही अमेरिकन लष्करी अळीच आहे, हे खात्रीने कसं सांगायचं? डोक्यावर उलटा वाय दिसतो.

उलट्या वायवर भरवसा ठेवू नका. हरभऱ्यावरची घाटे अळी, लिटुरा आणि इतरही काही अळ्यांच्या डोक्यावर कमी-अधिक तसाच आकार दिसतो. अळीचा शेपटीकडचा भाग वरून पाहा. शेवटून दुसऱ्या वलयावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात बसलेले असतील, आणि त्याच्या पुढच्या वलयांवरचे चार ठिपके समलंब आकारात असतील, तर ती फ्रुजीपर्डा.

अपवाद लहान अळ्यांचा. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत डोकं काळं असतं, ठिपकेही नीट उमटलेले नसतात. तेव्हा अळीपेक्षा पीक आणि नुकसानीची खूण पाहा (प्र. ९).

६. सोयाबीनवर काही अळ्या काळ्या आहेत, काही हिरवट, काही राखाडी. तीन जाती आहेत का?

बहुधा एकच, लिटुरा. तिचा रंग वयानुसार आणि गर्दीनुसार बदलतो. दाटीत वाढलेल्या अळ्या गडद होतात. रंग सोडा, अंगावरच्या खुणा पाहा: पाठीवर पिवळसर रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या त्रिकोणी ठिपक्यांची ओळ, आणि त्यातले पायांच्या लगेच मागच्या वलयावरचे दोन ठिपके बाकीच्यांपेक्षा मोठे.

सोयाबीनवरच्या लिटुराला हलक्यात घेऊ नका. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पानं खाणाऱ्या अळ्यांचा जो उद्रेक झाला त्यात लिटुरा पुढे होती. त्यानंतरच राज्यात किडींच्या नियमित सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप हा प्रकल्प सुरू झाला.

७. कांद्याच्या पातीत आत शिरलेली हिरवी अळी कोणती?

एक्झिगुआ असण्याची शक्यता मोठी. पूर्ण वाढली तरी तीनेक सें.मी.च्या पुढे जात नाही, रंग हिरवा, बाजूने फिकट पट्टा. पुढून दुसऱ्या पायाच्या वर बऱ्याचदा एक काळा ठिपका असतो. तो दिसला तर खात्री धरा, नाही दिसला म्हणून नाकारू नका. पातीच्या नळीत शिरल्यावर वरून पडणारं काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत प्र. ४ मधली घाई दुप्पट लागू होते.

८. मक्याच्या पुंजात दीडशे अंडी होती म्हणता, मग पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) एकच अळी का सापडते?

दोन कारणं. अंड्यातून निघालेल्या अळ्या रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर लोंबकळतात आणि शेजारच्या ताटांवर जातात. म्हणून एका पुंजाभोवतीची ताटं गोल घेरात खिडक्यांनी भरलेली दिसतात. दुसरं कारण म्हणजे फ्रुजीपर्डा मोठी झाली की आपल्याच जातीच्या लहान अळीला खाते. पोंगा एकीचाच होतो.

लिटुराचा स्वभाव उलटा. लहानपणी तिच्या अळ्या एकाच पानावर घोळक्याने राहतात आणि पानाची जाळी करतात. तिसऱ्या अवस्थेनंतर त्या पांगतात, दिवसा ढेकळाखाली किंवा पालापाचोळ्यात लपतात आणि रात्री वर चढतात. दुपारी शेत पाहून "अळी नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जावं.

९. मक्याच्या पानावर छिद्रांची सरळ रांग आहे. लष्करी अळी की खोडकिडा?

पोंगा गुंडाळलेला असताना अळीने एकदा आरपार चावा घेतला की पान उलगडल्यावर रांग दिसते. त्यामुळे रांग दोघांच्याही खाण्याने पडते. खोडकिड्याची छिद्रं बारीक आणि गोल असतात. तो लवकरच खोडात उतरतो आणि मधला पोंगा वाळून ओढल्यावर सहज निघतो. लष्करी अळीची छिद्रं मोठी, लांबट, फाटक्या कडांची असतात आणि पोंग्यात भुशासारखी ओली विष्ठा साचलेली असते. विष्ठा ताजी असेल तर अळी आत आहे. वाळून पिवळट झाली असेल तर ती गेली, आता तिथे फवारू नका.

१०. कोष कुठे असतात? उन्हाळी नांगरटीने मरतात ना?

तिघींचेही कोष मातीत असतात. फ्रुजीपर्डा दोन ते आठ सें.मी. खोल जाते आणि मातीचे कण रेशमाने जोडून सैल कोष करते. कोष तांबूस तपकिरी, दीड सें.मी.च्या आसपास.

नांगरटीचा सल्ला बरोबर आहे, पण वेळेचं गणित बऱ्याचदा चुकतं. या अळ्या कोषात महिनोन्‌महिने झोपून राहत नाहीत. सुप्तावस्था त्यांच्या जीवनचक्रात नाहीच. मार्चमध्ये निघालेल्या मक्याखालचे कोष मेपर्यंत वाट पाहत नाहीत, आठ-दहा दिवसांत पतंग होऊन उडून जातात. मग मेमधल्या नांगरटीत उघडे पडायला तिथे असतं कोण? पीक काढल्याबरोबर, चार-पाच दिवसांत माती उलटली तर कोष उन्हात येतात आणि बगळे, साळुंक्या त्यांना टिपतात. उशिराच्या नांगरटीचे इतर फायदे आहेत, पण स्पोडोप्टेराच्या खात्यात ते धरू नका.

११. सुप्तावस्था नाही, मग थंडीत आणि पीक नसताना या अळ्या जगतात कशा?

आपल्याकडची थंडी त्यांना मारण्याइतकी कडक नसते. बारा-तेरा अंशांखाली वाढ जवळपास थांबते, दुपारी ऊन पडलं की पुन्हा सुरू होते. आणि पीक नाही असं होतंच कुठे? रब्बी ज्वारी, चाऱ्याचा मका, उसाचा खोडवा, उन्हाळी मका, एकामागून एक ताट वाढलेलंच असतं. उत्तर अमेरिकेत फ्रुजीपर्डाला कडक हिवाळा सोसत नाही. तिथे ती दक्षिण फ्लोरिडा आणि टेक्सासात टिकते आणि दर उन्हाळ्यात नव्याने उत्तरेकडे पसरते. आपल्याकडे तिला हा प्रवास करावा लागत नाही.

१२. अमेरिकेतून ही अळी इथे उडत आली म्हणतात. खरं आहे का?

अटलांटिक महासागर तिने बहुधा माणसाच्या मालवाहतुकीतून ओलांडला. पुढचा प्रवास मात्र पंखांवरही झाला. वाऱ्याची साथ असेल तर पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो. पश्चिम आफ्रिकेत २०१६ मध्ये ती नोंदली गेली. भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा भागात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मका आणि उसावर दिसली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात पोचली.

१३. कामगंध सापळ्यात रोज पतंग सापडतात, तरी अळी कमी का होत नाही?

कारण सापळ्यात फक्त नर येतात. गोळीत मादीचा गंध असतो, मादीला त्याचं काही आकर्षण नाही. उरलेला एकेक नर वेगवेगळ्या रात्री अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे थोडे नर कमी झाल्याने अंडी घटत नाहीत. एकरी पाच सापळे ही टेहळणी आहे. आकडा अचानक वाढला की पुढच्या काही दिवसांत पुंज शोधायला लागा, एवढंच ते सांगतात. नर मोठ्या प्रमाणावर पकडायचे तर सापळ्यांची संख्या बरीच वाढवावी लागते, आणि शेजाऱ्याच्या शेतात फळलेली मादी उडत आली तर तोही उपाय तोकडा पडतो.

१४. फ्रुजीपर्डाची गोळी लावली, पण सापळ्यातले पतंग वेगळेच दिसतात. गोळी बनावट आहे का?

लगेच दुकानदाराशी भांडू नका. मिथिम्ना लोरेयी नावाचा दुसऱ्या प्रजातीचा पतंग या गोळीकडे हमखास येतो, कारण दोघांच्या गंधात काही घटक सामायिक आहेत. त्याचे पंख वाळल्या गवताच्या रंगाचे, साधे, मधे एक बारीक पांढरा ठिपका. फ्रुजीपर्डाच्या नराच्या पुढच्या पंखावर टोकाजवळ पांढरा त्रिकोणी डाग असतो. मोजताना हे वेगळे काढले नाहीत तर आकडा फुगतो. लिटुरा या गोळीकडे येत नाही, तिची गोळी वेगळी. तिचे पंख पांढऱ्या रेघांच्या आडव्या-उभ्या जाळीमुळे लगेच कळतात.

१५. लिटुरा आणि फ्रुजीपर्डा एकाच शेतात आहेत. संकर होऊन नवी, औषधाला न जुमानणारी अळी तयार होईल का?

नाही. गंधाचं मिश्रण वेगळं आणि जननेंद्रियांची घडणही वेगळी. औषधाला न जुमानणं येतं ते तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारल्याने.

फ्रुजीपर्डा या एकाच जातीत मात्र दोन प्रकार आहेत, एक मक्याकडे ओढा असलेला आणि दुसरा भात-गवताकडे. दिसायला दोन्ही अगदी सारखे. मक्याचा प्रकार रात्री लवकर जुळतो, भाताचा उशिरा, तरीही त्यांच्यात संकर होतो. आफ्रिका आणि आशियात पसरलेल्या अळीत दोन्हींच्या जनुकांची सरमिसळ आढळते. भारतात भातावर तिने मक्यासारखा धुमाकूळ घातलेला नाही.

वेगवेगळ्या जातींचा संकर अगदी अशक्य असतो असं नाही. आपली घाटे अळी २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये नोंदली गेली आणि तिथल्या तिच्या चुलत जातीशी तिचा संकर झाला. पण त्या दोघी एकमेकींच्या फारच जवळच्या.

१६. घाटे अळीसाठी आणलेला विषाणू उरलाय. लष्करी अळीवर मारू का?

वाया जाईल. हे विषाणू जातीला बांधलेले असतात. घाटे अळीचा घाटे अळीवर, लिटुराचा लिटुरावर. आपल्या जातीचा विषाणू पोटात गेलेली अळी शेंड्याकडे चढते, उलटी लटकते आणि तिच्या अंगातून द्रव गळतो. तोही लहान अवस्थेतच चालतो.

१७. मग सोयाबीनवर पांढऱ्या, कडक होऊन मेलेल्या अळ्या दिसतात त्या कशाने?

त्या बुरशीने. तिचं नाव नोमुरिया रिलेई, नव्या वर्गीकरणात मेटारायझियम रिलेई. श्रावण-भाद्रपदातली ढगाळ, दमट हवा तिला मानवते. अळी आधी पांढरी होते, मग तिच्यावर फिकट हिरवी भुकटी चढते. ही बुरशी जातिभेद फारसा मानत नाही, बहिणी-बहिणी सगळ्या मारते. अशा अळ्या भरपूर दिसत असतील तर चार दिवस थांबा. त्याच वेळी बुरशीनाशक मारलंत तर या फुकटच्या मदतनिसालाही फटका बसतो.

१८. ट्रायकोकार्ड लावले, तरी अंडीपुंज फुटले. असं का?

ट्रायकोकार्डवरून निघणारा ट्रायकोग्रामा हा गांधीलमाशीच्या कुळातला अगदी बारीक कीटक आहे. तो किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालतो. सुटी अंडी त्याला सोपी जातात. स्पोडोप्टेराच्या पुंजात अंड्यांवर अंडी रचलेली असतात, वर खवल्यांचं पांघरूण (प्र. ३). वरच्या थरातली अंडी तो टिपतो, खालची सुटतात. टेलेनोमस रेमस हा दुसरा परजीवी खालच्या थरापर्यंत पोचतो, म्हणून या अळ्यांसाठी तो अधिक कामाचा.

१९. बीटी कापूस लावलाय, तरी लिटुरा कशी?

एका जनुकाचा पहिला बीटी कापूस बोंडअळ्यांसाठी होता. लिटुरावर त्यातल्या प्रथिनाचा परिणाम अगदी कमी. दोन जनुकांच्या वाणात तो काही प्रमाणात होतो, पूर्ण नाही. मक्यासाठी हा प्रश्नच येत नाही, भारतात बीटी मक्याला लागवडीची परवानगी नाही.

२०. भाताच्या लोंब्या कापून पाडणारी लष्करी अळी यांच्यातलीच का?

नाही. ती मिथिम्ना सेपराटा. कुळ तेच, प्रजाती वेगळी. कापणीच्या तोंडावर लोंब्या आणि कणसं तोडते. कोवळी रोपं झुंडीने फस्त करणारी मॉरिशिया मात्र यांचीच बहीण (प्र. १).

२१. अळी हाताला लागली तर काही होतं का? अळी पडलेला मका जनावरांना घालावा का?

या अळ्यांच्या अंगावर खाज आणणारे केस नाहीत आणि पतंग चावत नाही, तो फुलातला मध पितो. चाऱ्यात अळीची भीती नाही. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते औषधाच्या डब्यावर पाहा, आणि अळीने पोखरलेली, बुरशी चढलेली कणसं बाजूला काढा. त्या बुरशीचं विष जनावरांना खरंच बाधतं.

२२. ओळखण्यासाठी फोटो कसा पाठवू?

तीन फोटो: डोकं जवळून, शेपटीकडचा भाग वरून, आणि नुकसान झालेलं अख्खं ताट. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा, म्हणजे अवस्था सांगता येते. पीक कोणतं आणि पेरून किती दिवस झाले ते लिहा. अळी घेऊनच येणार असाल तर भोकं पाडलेल्या डबीत त्याच पिकाचं पान घाला. मक्यावरच्या असतील तर एका डबीत एकच ठेवा, नाहीतर माझ्यापर्यंत पोचेस्तोवर एकच उरते (प्र. ८).